गोदूआजीचं इरलं

इरली विकायला मोरखारात गेलेली साळू डोक्यावरचा भारा जवळजवळ तसाच घेऊन परत आली, असं आजवर कधी झालं नव्हतं. ज्येष्ठ लागला होता. रोज दुपारनंतर आभाळ काळं व्हायचं, अंग उकडून निघायचं आणि ढग प्रबळच्या डोंगरावरून पलीकडे निघून जायचे. गोमा झापाखाली बसून बांबू फाडत होता. त्यानं बायकोच्या डोक्यावर एकात एक बसवलेली इरली पाहिली आणि विचारलं,

"का गं, गाव उठून गेलं का काय?"

"गाव जाग्यावरच हाय." साळूनं भारा उतरवला आणि मान दोन्ही हातांनी धरून चोळली. "एक गेलं. बळीरामाच्या घरी. कोंबड्या झाकाया पायजे व्हतं त्यांना."

बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, मध्ये पळसाची पानं दाबून बसवायची, आणि लावणीत बाई दिवसभर वाकलेली असली तरी तिची पाठ कोरडी राहिली पाहिजे, असं गोमाचं काम. ते कोंबड्यांवर पडलेलं ऐकून त्याला राग आला. पण गोमाचा राग तोंडातून कधी निघत नसे. त्यानं पुढचा बांबू इतक्या जोरात फाडला की कामटी वाकडी निघाली आणि ती चुलीकडे टाकावी लागली.

ठाकरवाडीतलं हे घर इरल्यांवरच पावसाळा काढायचं. मोरखारची आगरी माणसं इरली घ्यायची आणि भात द्यायची. श्रावणात डोंगरात काही मिळेनासं झालं की ते भात कांडून पेज व्हायची. यंदा फाल्गुनापासून दोघांनी आणि त्यांच्या पोरीनं, चिंगीनं, मिळून इरली केली होती. ती सगळी आता झोपडीच्या आढ्याला टांगलेली होती आणि भाताचं कणिंग रिकामं होतं.

हे कसं झालं ते साळूला चांगलं ठाऊक होतं. पनवेलच्या बाजारपेठेत काशीरामशेटचं दुकान आहे. दोर, खिळे, कंदिलाच्या काचा आणि हल्ली प्लास्टिकचा निळा कागद. हा कागद शेटनं दोन पावसाळे दुकानाच्या दारात टांगून ठेवला. येणारे जाणारे बोटानं चाचपून बघायचे, "मिठाच्या राशीवर टाकाया बरा हाय" म्हणायचे आणि दोर घेऊन चालू लागायचे. मग गेल्या लावणीला शेटनं एक तुकडा मालूला फुकट दिला. मालू बळीरामाची सून. नवीन लग्न झालेली, नवरा लॉरीवर, आणि रूप असं की ती हातात कुठल्या बांगड्या भरते याच्यावर मोरखारातल्या बायकांची दुपार जायची. त्यातून बळीरामाचं शेत सडकेला लागून. मालूनं कागदाची खोळ करून डोक्यावर घेतली आणि एसटीतली माणसंसुद्धा खिडकीतून माना वळवून बघू लागली. चिखलात सगळ्या मळकट बायका आणि मध्ये ही निळीशार. आठवडाभरात दुकानातला कागद संपला. शेटला ही अक्कल कुणी शिकवली नव्हती. गल्ल्यावर बसून माणसं कशाकडे बघतात तेवढं तो बघत आला होता.

त्याच शेटनं होळीच्या बाजारात साळूला हटकलं होतं. "ठाण्याला माझी बहीण असते. तिला घरकामाला पोरगी हवी आहे. तुझी चिंगी दे. पावसाळ्याचे तांदूळ घरी पोचते करतो."

साळू तेव्हा हसली होती. "आमचं तांदूळ आमची इरली देत्यात, शेट."

त्या हसण्याची आता तिला भीती वाटायला लागली. चिंगीच्या आधीची दोन जगली नव्हती. ही एक राहिली. पोर आता न्हाण्याच्या वयाला आली तरी तिच्या अंगावर हात टाकल्याशिवाय साळूला झोप लागत नसे. इरली खपली नाहीत तर पोर ठाण्याला जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण आढ्याकडे बघितलं की दोघांनाही तेच दिसायचं.

"आपून बी तसंच करू," एका सकाळी साळू म्हणाली.

"कसं?"

"शेटनं केलं तसं. एक इरलं फुकट द्यू. असं करू की बघनाऱ्यानं बघत ऱ्हावं. एकीच्या डोक्यावर दिसलं की बाकीच्या येतील."

"फुकट?" गोमानं कोयता खाली ठेवला. "इरलं फुकट दिलेलं ऐकलंस का कवा? आन द्याचं कोनाला? त्या मालूला?"

साळूनं हातानं झटकल्यासारखं केलं. "मालू काल आलेली पोर. गोदूआजीला द्याचं."

गोमाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. गोदूआजी मोरखारची धवलारीण. लग्नात ती उभी राहून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते तेव्हाच लग्न लागतं. हळद कधी लावायची, नवरीला कुठं बसवायचं, सगळं तिच्या शब्दावर. मांडवातली सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसतात. साळू सुपं-टोपल्या द्यायला कितीदा त्या मांडवांच्या कडेला उभी राहिली होती आणि तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माणसं जिच्याकडे बघतात तिच्या डोक्यावर इरलं ठेवायचं, एवढं साधं गणित होतं ते, आणि त्यात कुठं चूक आहे असं या दोघांना वाटलं नाही.

मग त्या एका इरल्यामागे घर लागलं. गोमा डोंगरात वरपर्यंत गेला आणि पेर लांब असलेला बांबू बघून आणला. कामट्या त्यानं इतक्या बारीक काढल्या की त्याच्या अंगठ्याला चीर पडली आणि तिच्यात हळद भरून तो पुन्हा बसला. चिंगीनं पानं पुसली. एकाही पानाला किड्याचं भोक नको, म्हणून ती उन्हाकडे धरून बघायची आणि बाजूला टाकायची. साळूनं पानांचा थर दुहेरी घातला, आणि कडेला अशी वेणी घातली की चिंगी म्हणाली, "आये, याच्यात नवरीच बसवाया पायजे."

"बसव," साळू म्हणाली. त्या दिवशी तिघंही हसली. पुढं बराच काळ ते हसणं साळूला आठवायचं आणि नको वाटायचं.

गोदूआजी ओटीवर बसून पान कुटत होती. इरलं बघून तिनं खलबत्ता बाजूला सारला. वेणीवरून बोटं फिरवली, आतून बघितलं, डोक्यावर घेतलं, आणि तशीच अंगणात जाऊन उभी राहिली.

"काय केलंस गो यं, साळू! मना? फुकट कसं घेऊ मी?"

"तुमी घाला निस्तं, आजी. लावनीला बळीरामाच्या शेतावर घाला."

"घालीन नाय तं काय! पन रिकाम्या हातानं नाय घ्याची." म्हातारीनं सुपात तांदूळ आणले, वर नारळ ठेवला आणि साळूची ओटी भरली. ठाकरणीची ओटी आगरी घरात अशी कोण भरत नाही. साळूला भरून आलं. वाटेनं ती ओटीला हात लावत चालली आणि सगळं नीट होणार असं तिला अगदी खरं वाटलं.

पाऊस धरला आणि लावणी सुरू झाली. बळीरामाच्या शेतावर मजुरीला साळू आणि चिंगी दोघी होत्या. पाणी ढोपराएवढं, खाली चिखल, बोटांच्या बेचक्यात कुजल्यासारखं व्हायचं. बायका ओळीनं वाकून रोपांच्या मुठी सोडवत मागं मागं सरकत होत्या. निळा, निळा, निळा. यंदा तर पिवळाही आला होता. आणि मधोमध गोदूआजी, तिच्या पाठीवर ते इरलं. वारा आला की कागद फडफडून बायकांच्या तोंडावर यायचे, एक हात रोपावर आणि एक हात कागदावर, अशी त्यांची तारांबळ व्हायची. आजी मात्र दोन्ही हातांनी भराभर लावत होती आणि गात होती. साळूनं शेजारच्या बाईकडे चोरून बघितलं. ती बाई आजीकडेच बघत होती.

दुपारी बांधावर भाकरी सोडल्या. इरलं हातोहात फिरलं.

"वेनी बघ गो कशी घातलीय."

"पानी म्हनून लागत नाय आत."

"गोदूआजीला शोभतं," एकजण म्हणाली.

"शोभनारच. म्हातारीला असंच पायजे. त्या कागदात जीव घुसमटल तिचा."

मालू भाकरीचा तुकडा मोडत हसली. "मी बी घेईन. नातवंडं झाली का."

सगळ्या हसल्या. गोदूआजीही हसली, मनापासून. "घे गो, घे. आमची रीत आमच्यासंगं. तुमाला कागदच बरा दिसतो, तरण्या पोरींना."

कुणाच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. प्रेमानंच बोलत होत्या. पण साळूच्या हातातला घास तिथंच राहिला. मांडवात आजीकडे सगळ्या बघायच्या ते धाकानं, मानानं. आजीसारखं दिसावं असं त्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं. आणि आता इरलं आजीच्या डोक्यावर चढल्यावर ते कायमचं म्हाताऱ्यांचं झालं. आपल्याच हातानं आपण हे केलं, हे साळूला त्या बांधावर बसल्या बसल्या कळलं.

ओळीच्या शेवटी चिंगी होती. तिच्या अंगावर गोमानं तिच्यासाठी केलेलं लहान इरलं. मोरखारची एक पोर मूठ फेकता फेकता ओरडली, "ए, कासव आला बग!" पोरी फिसफिसल्या. चिंगीनं मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत कुणी कुणी "कासवा, मूठ दे", "कासवा, सरक" करत राहिलं. त्यात मारामारी करण्यासारखं काही नव्हतं. मजुरीच्या ठिकाणी अशी थट्टा चालतेच.

दुसऱ्या दिवशी साळूला बळीरामानं वरच्या तुकड्यात लावलं आणि चिंगी खाली सडकेकडे. संध्याकाळी पोर आली ती चिंब. केसांतून पाणी गळत होतं, ओठ निळे पडलेले.

"इरलं कुठाय?"

"हाय. शेतावर ऱ्हायलं."

तिसऱ्या दिवशीही तेच. मग साळू अंधार पडायच्या आत स्वतः बघायला गेली. बांधापासून लांब, करवंदीच्या जाळीत ते इरलं आत खुपसून ठेवलेलं होतं. कडेच्या दोन कामट्या मोडल्या होत्या. कुणाला दिसू नये म्हणून वरून फांद्या टाकलेल्या होत्या. साळू काट्यांत हात घालून ते ओढत राहिली. दंडावर ओरखडे आले. आपण पोरीला मारावं की पोटाशी धरावं हे तिला ठरवता येईना, आणि ती तिथंच चिखलात बसून रडली.

घरी आली तेव्हा चिंगी तापानं फणफणलेली होती. गोमानं तिच्यावर गोधडी घातली होती आणि पायथ्याशी बसून तो तिचे तळवे चोळत होता. साळूनं मोडकं इरलं दाराशी ठेवलं. चिंगीनं ते बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"भिजून मरायचं व्हतं का तुला?"

पोर भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "मला नको ते. मला कागद पायजे."

गोमानं तिचे पाय सोडले. उठला आणि पावसात बाहेर जाऊन उभा राहिला.

ताप उतरला, पण लावणी तोवर सरली होती. चिंगीची मजुरी बुडाली, इरली आढ्यालाच राहिली. गोदूआजीनं दिलेले तांदूळही संपले. दोन वेळची पेज एक वेळची झाली, मग तिच्यात पाणी वाढत गेलं. साळू काशीरामशेटकडे गेली ती शेवटी आपल्याच पायांनी. पायरीवर उभी राहून ती पदराचं टोक पिळत राहिली. शेटनं तिला एका शब्दानंही टोचलं नाही.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "बहीण चांगली आहे माझी. पोर दोन वेळ पोटभर जेवेल." आणि त्यानं कागदाची एक नवी घडी काढून पुढं केली. "हा पोरीला दे. माझ्याकडून."

पोरीला जबरदस्ती करावी लागली असती तर साळूला बरं वाटलं असतं. चिंगीनं कागद उलगडला, अंगावर घेतला, झोपडीत गोल फिरली आणि विचारलं, "ठाण्याला कवा जायाचं?"

निघायच्या सकाळी पाऊस लागून राहिला होता. गोमा झापाखाली बसून बांबू फाडत होता. विकत घेणारं कुणी उरलं नव्हतं तरी त्याचं काम चालूच होतं. चिंगी पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो काढता काढता म्हणाला, "मी नाय येत स्टँडवर. मी दिली नाय पोर." मग पुन्हा कोयता उचलला.

साळूनं खुंटीवरचं आपलं इरलं काढलं.

"आये," चिंगी हळूच म्हणाली, "ते घालून नको ना येऊ. तिथं समदी बघत्यात."

साळूनं इरलं परत खुंटीला अडकवलं आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडली. वाडी उतरेपर्यंतच लुगडं अंगाला चिकटलं. चिंगीला मधेच वाईट वाटलं असावं. तिनं कागदाची एक बाजू उचलली. "ये आत. मावतो आपून दोघी."

"नको. तू भिजशील." साळू पुढं चालत राहिली. पाणी तिच्या डोळ्यांतून, नाकावरून खाली गळत होतं आणि त्यात काय काय होतं ते पोरीला कळायचं कारण नव्हतं.

पनवेलच्या स्टँडवर बाजाराची गर्दी होती. काशीरामशेट बहिणीच्या घरच्या माणसाला घेऊन आला होता. ठाण्याची गाडी लागलेली होती. चिंगी चढली, खिडकीशी बसली. शेटचं लक्ष साळूकडे गेलं. ती कुडकुडत उभी होती, पायाशी पाण्याचं तळं झालं होतं.

"अगं, तू अशी भिजतेस काय? थांब." पिशवीतून त्यानं आणखी एक घडी काढली, भर स्टँडवर झटकून उलगडली आणि तिच्या खांद्यांवर टाकली. मग शेजारच्या लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "बघा बुवा! ही आमची साळू. इरली करणारी. हिलासुद्धा शेवटी कागदच लागला!"

माणसं हसली. मोरखारच्या दोन बायका बाजाराची टोपली घेऊन उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. शेटला तिची दया आली होती हे खरं होतं. त्यानं त्यात धंदा केला हेही खरं होतं. त्याच्या मनात ही दोन वेगळी नसावीत.

साळूचा हात कागद ओढून काढायला वर गेला. तेवढ्यात खिडकीतून चिंगी ओरडली, "घे ना आये! ऱ्हाऊ दे! बेस दिसतं तुला!"

पोरीचं तोंड उजळलं होतं. इतक्या दिवसांत तिनं आईकडे असं लाज न वाटता बघितलं नव्हतं. साळूनं कागदाची कड डोक्यावरून पुढं ओढून नीट खोळ केली, आणि हसून हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, पोरीला दिसावं म्हणून.

परतीच्या वाटेवर कागद काढून फेकावा असं तिला दहादा वाटलं. पण पाऊस कोसळत होता, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि कागदाच्या आत पाणी येत नव्हतं. गेल्या वर्षीपासून ती लोकांना सांगत होती की कागद फाटतो, चिकटतो, त्यात घाम येतो. ते खरंच होतं. पण आता तिची पाठ कोरडी होती, आणि याचंच तिला फार रडू आलं.

वाडीत शिरली तेव्हा पागोळ्या जोरात गळत होत्या. गोमा झापाखाली पाठमोरा होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं वळून बघितलं. पावसाच्या धारांतून अंगणात कुणीतरी निळा कागद घेतलेली बाई आलेली त्याला दिसली. तो घाईघाईनं उठला. मांडीवरच्या कामट्या खाली पडल्या.

"या बाय, या," तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा आवाज वेगळाच मऊ व्हायचा. "अशा आत या. कोन्त्या मापाचं दाखवू?"

साळूला खोळ मागं सारायचा धीर होईना. गोमानं आढ्याला हात घालून एकेक इरलं उतरवलं, हातानं पुसलं आणि तिच्यासमोर ओळीनं मांडलं. शेवटी एक लहान काढलं. त्याच्या कडेच्या दोन कामट्या नव्यानं घातलेल्या होत्या.

"यं बघा, हलकं हाय," तो म्हणाला. "तुमची पोर आसंल घरी, तर तिला व्हईल."